ओट्याची उंची

मुलुंड पूर्व,
रविवार, १२ जानेवारी २०२५

तीर्थरूप धाकूमामांना,
भाचेसून अपूर्वाचा शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी घसा फाटेस्तोवर ओरडत होते, भिंत पाडतोय, भिंत! आणि तुम्ही तिकडून म्हणालात, चिंच पाठवतो. तुमची नात जान्हवी हसून हसून सोफ्यावरून खाली पडली. तेव्हा आता पत्रच बरं. गिरणीतल्या साच्यांच्या खडखडाटाने तुमचे कान नेले, कानाचं मशीन लावायचं नाही हा हट्ट मात्र तुमचा स्वतःचा. पोस्टमनला तरी काम मिळेल.

तर भिंत. आपलं स्वयंपाकघर तुम्हाला माहीतच आहे, एक बाई वळली की दुसरीने बाहेर जायचं. जेवणाचं टेबल पलीकडच्या अडचणीच्या जागेत भिंतीला चिकटवलेलं. जान्हवी टीव्हीपुढे जेवते, हर्षद मोबाइलपुढे, आई आत पाटावर, आणि मी सगळ्यांचं झालं की ओट्याला टेकून उभी. चार माणसांचं घर, पण चौघं एकत्र कधी जेवलो ते आठवत नाही. मधली भिंत काढली तर दोन्ही मिळून एक मोठी खोली होईल. इंजिनियर बघून गेला, भिंत साधी आहे, काढता येईल म्हणाला.

खरं कारण वेगळं आहे, मामा. आईंचं विसरणं वाढलंय. डिसेंबरात दोनदा गॅस चालू राहिला. एकदा मी ऑफिसातून आले तर रिकामी कढई तापून निळी पडलेली आणि आई तिच्यात उलथनं फिरवत उभ्या. मी विचारलं तर म्हणाल्या, कांदा लाल होतोय. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हणून सांगितलं. बरा होणारा आजार नाही, सांभाळून राहायचं. आता दिवसभर शीतल नावाची बाई ठेवलीय. पण आई आतून कडी लावून घेतात आणि तिचा जीव टांगणीला लागतो. सगळं मोकळं केलं तर त्या कायम कुणाच्या तरी नजरेत राहतील, आमच्यात बसतील.

आईंना विचारलं. म्हणाल्या, करा, तुमचंच आहे. मग पाच मिनिटांनी मलाच विचारलं, काय करायचं म्हणालीस?

तुमचं मत कळवा. हे घर तुम्ही माझ्या आधीपासून ओळखता.

तब्येत जपा आणि आमच्यावरची माया आहे तशीच ठेवा.
तुमची,
अपूर्वा

*

खालचीवाडी, ता. देवगड,
२५ जानेवारी २०२५

चि. सौ. अपूर्वास,
धाकूमामाचे अ. उ. आ.

पत्र पावलं. चिंच आधीच पोस्टात टाकलीय, आता ती तुझ्या भिंतीला चोळ. जान्हवीला म्हणावं, म्हाताऱ्याला हसतेस काय गो, तुझ्या वयात मी साच्यांच्या आवाजात नुसते ओठ बघून माणसाचं सगळं बोलणं वाचायला शिकलो होतो. समोर माणूस असला तर अजून वाचतो. फोनला ओठ नाहीत, त्याला मी काय करू?

आक्काचं वाचून रात्रभर डोळा लागला नाही. माझ्याहून चारच वर्षांनी मोठी, पण आई गेल्यावर मला वाढवलं तिनेच. लग्न होऊन लालबागला आली तेव्हा दहा बाय बाराच्या खोलीत सासूच्या हाताखाली गाववाल्यांची खानावळ चालवायची. अकरा गिरणी कामगार जेवायचे, त्यातला एक मी. कुणी पहिल्या पाळीचा, कुणी रात्रपाळीचा. तिच्या चुलीला आणि तिला दोघींनाही उसंत नव्हती. स्वतःचं लुगडं बदलायलाही तिला आडोसा शोधावा लागे.

एक्क्याण्णव साली मुलुंडचं घर मिळालं. सामान टेम्पोतच होतं. आक्का थेट स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून कडी लावली. अर्धा तास झाला, पाऊण झाला, बाहेर येईना. भावजी घाबरले, मी दार ठोकलं. बाहेर येऊन म्हणाली, अरे, चार भिंती एकटीला कधी मिळाल्या नव्हत्या, जरा बसले होते.

बिल्डरने सगळ्या सोसायटीत ओटे बुटके बांधले होते, सगळे एका साच्यातून काढल्यासारखे. बाकीच्या बायका कुरकुरल्या. आक्का साडेचार फूट, ती खूष. कधी नव्हे ते तिच्या मापाचं काही मिळालं होतं.

एक सांगू? आक्का डोळ्यांनी कधी रांधत नाही, हातांनी रांधते. मिठाची बरणी कुठे हे तिला विचारलंस तर सांगता यायचं नाही, पण हात बरोबर जातो. आमच्याकडे एक आंधळी म्हैस होती. गोठा हलवला तर ही आपली जुन्या जागी जाऊन उभी, डोक्यावर छप्पर नसलं तरी. पण म्हशीची गोष्ट म्हशीपाशी. राहतेस तू, निस्तरतेस तू. तुझ्या मनाला येईल ते कर, माझी ना नाही.

जान्हवीला पापा. म्हाताऱ्याला विसरू नका म्हणजे झालं.
धाकूमामा

*

मुलुंड पूर्व,
२३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप मामांना,
शि. सा. न. वि. वि.

म्हशीची गोष्ट वाचून हर्षद म्हणाला, आईला कळलं की मामाने तिची तुलना कशाशी केली, तर तुमची खैर नाही!

काम सुरू झालं. घराची पार वाट लागलीय. पोह्यातसुद्धा सिमेंट येतं. प्रीतम म्हणून कॉन्ट्रॅक्टर आहे, साकीनाक्याला त्याचं फर्निचरचं वर्कशॉप. माणूस चोख, पण त्याचं ‘दोन दिवसांत होऊन जाईल’ ऐकलं की आता मला धडकी भरते. आईंना आठ दिवस नणंदेकडे ठाण्याला पाठवायचं ठरवलं होतं, पण त्या पहिल्याच संध्याकाळी रडायला लागल्या म्हणून परत आणलं. हॉलमध्ये खुर्ची टाकून बसतात आणि मजुरांकडे बघत राहतात. काल शीतलला विचारत होत्या, बिचाऱ्यांचं कुणाचं घर पाडतायत गं? शीतलने मला हसत सांगितलं, मीही हसले.

पण मामा, भिंत पडली आणि जो उजेड आत आला ना! पलीकडच्या खिडकीतून ऊन थेट ओट्यापर्यंत. पंधरा वर्षांत त्या जागी मी ऊन पाहिलं नव्हतं. जुना ओटाही काढला. नवा काळ्या ग्रॅनाइटचा, मापाने उंच. गॅसच्या नळीला कुलूप लावायची सोय. बरण्या-डबे सगळे खाली ड्रॉवरमध्ये, ओढले की बाहेर येतात. सहा जणांचं टेबल सांगितलंय. जान्हवीने भिंतींचा रंग निवडला, पिस्त्यासारखा हिरवा.

जुनी मांडणी भंगारवाल्याने नेली. नेताना आईंनी तिच्यावरून एकदा हात फिरवला. मला वाटलं, बरं झालं, त्रास करून घेतला नाही.

झालं की फोटो छापून पाठवते. तुमचा लोभ आणि उन्हाळ्यातली काजूची पिशवी, दोन्हींची वाट बघतेय.
तुमची,
अपूर्वा

*

मुलुंड पूर्व,
४ एप्रिल २०२५

तीर्थरूप मामांना,
शि. सा. न. वि. वि.

सोबत दोन फोटो आहेत. स्वयंपाकघर झकास झालंय, बघणारे सगळे तसंच म्हणतात. पत्र लिहायला पाच दिवस उशीर केला, कारण काय लिहावं तेच सुचत नव्हतं.

पाडव्याला पहिल्यांदा चौघं एका टेबलावर जेवायला बसलो. मी सकाळपासून राबत होते. आई नीट जेवल्या, श्रीखंड दोनदा घेतलं. मला इतकं भरून आलं होतं. मग त्या उठल्या, हात धुतले, माझ्यासमोर येऊन हात जोडले आणि म्हणाल्या, जेवण फार छान झालं हो, आता निघते, घरी मुलगा शाळेतून येईल.

आम्हाला वाटलं थट्टा करतायत. हर्षद म्हणाला, आई, मीच तुझा मुलगा. त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, मामा, जसं आपण रस्त्यात ओळख दाखवणाऱ्या परक्या माणसाकडे बघतो.

तेव्हापासून रोज हेच. दुपार कलली की पिशवीत एक साडी आणि कंगवा घालून दाराशी उभ्या. घरी जायचंय, भात टाकायचाय. हे घरच आहे म्हटलं की नम्रपणे मान डोलावतात आणि पुन्हा विचारतात, इथून किती लांब आहे?

आणि एक गोष्ट आहे, ती फोटोत दिसणार नाही. जिथे भिंत होती, तिथे आता लादीची एक पट्टी आहे, बोटभर रुंद. आई तिथपर्यंत येतात आणि थांबतात. हात पुढे करतात, हवेत काहीतरी चाचपतात, आणि मागे वळतात. मी हाताला धरून आत नेलं तर अंग ताठ करतात. ओट्यापाशी उभ्या केल्या, तर तो त्यांच्या छातीशी येतो. ड्रॉवर माहीत नाहीत. त्यांचा हात वर जातो, जुन्या फळीकडे, आणि तिथे काही नसतं. मग तो हात तसाच खाली येतो. आता त्या दिवसभर हॉलमध्ये हात मांडीवर ठेवून बसतात. ज्या बाईने आयुष्यात कधी रिकामे हात ठेवले नाहीत, ती.

तुम्ही पत्रात लिहिलं होतंत. ते मी काल पुन्हा वाचलं. हसण्यावारी नेलं होतं मी.

आशीर्वाद द्या, मामा. आत्ता तेवढेच हवेत.
तुमची,
अपूर्वा

*

खालचीवाडी,
१४ एप्रिल २०२५

चि. सौ. अपूर्वास,
धाकूमामाचे अ. उ. आ.

बायो, चूक असलीच तर अर्धी माझी. मनात आलं ते सरळ लिहायचं सोडून मी म्हशीची गोष्ट सांगत बसलो. मोठ्या माणसाने थट्टेत शहाणपण लपवलं तर लहानाने ते शोधायचं कसं? तेव्हा उगाच स्वतःला खात बसू नको. विसरणं आधीच आलं होतं, भिंत पाडायच्या आधी. भिंत होती तोवर ते झाकलेलं होतं, एवढंच.

तिच्या हातांना काहीतरी दे. वाल भिजवून सोलायला दे, तांदूळ निवडायला दे, पुन्हा पुन्हा तेच दिलेस तरी चालतील. नारळ देऊ नको, विळी नकोच. ती घरी जाते म्हणाली तर हे घरच आहे म्हणून वाद घालू नको. जाऊ थोड्या वेळाने, म्हण. लहानपणी मी आईकडे जायचं म्हणून रडायचो, आणि आई तर जगात नव्हती. तेव्हा आक्का मला हेच सांगायची. जाऊ हां थोड्या वेळाने. आणि मी गप्प व्हायचो.

आंबा-काजूचं उरकलं की जूनमध्ये येतो. तोवर धीर धर. हर्षदला सांभाळ, तो बोलत नाही याचा अर्थ त्याला काही होत नाही असा नाही.

तुझ्या पत्रांवर माझा जीव आहे, ती थांबवू नको.
धाकूमामा

*

मुलुंड पूर्व,
६ मे २०२५

ती. मामांस,
हर्षदचा सा. न. वि. वि.

अपूर्वा लिहीन लिहीन म्हणते आणि कागद पुढे घेऊन बसते, म्हणून मीच लिहितोय. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

एक मेला सुट्टी होती म्हणून शीतल नव्हती. कुरियरवाला आला, मी दार उघडलं, तेवढ्यात फोन आला आणि बोलत बोलत मी आत गेलो. कडी लावायची राहिली. दहा मिनिटांनी बघतो तर खुर्ची रिकामी. आईच्या चपला तिथेच.

अपूर्वा अनवाणीच स्टेशनकडे धावली. मी रिक्षा करून थेट टोलनाक्यापर्यंत जाऊन आलो. पोलीस चौकीत तिचा फोटो दिला. जान्हवी प्रत्येक मजल्यावर बेल वाजवत फिरत होती. तासभर, मामा. त्या तासाभरात माझ्या मनात काय काय आलं ते मी कुणालाही सांगणार नाही.

मग बी विंगचा वॉचमन सांगत आला. आई तिथेच होती. बी विंग, दुसरा मजला, डाव्या हाताचं दार. आपल्या ए विंगमधल्या घराचीच जागा, फक्त इमारत दुसरी. तिथे संघमित्राताई राहतात, महापालिकेच्या शाळेतून रिटायर झालेल्या, मिस्टर गेल्यापासून एकट्याच. हवेसाठी दार उघडं ठेवून त्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या. आत भांड्यांचा आवाज आला म्हणून बघतात तर आई ओट्याशी उभी, तांदूळ धुतेय.

त्यांनी घर घेतल्यापासून स्वयंपाकघराला हातही लावलेला नाही. तोच बुटका ओटा, तीच भिंत, तशीच फळी. मी दारात पोचलो तेव्हा आई भाताखालचा गॅस बारीक करत होती. न बघता तिने हात वर नेला, बरणी काढली, मीठ घातलं, बरणी परत ठेवली. गेले दोन महिने तो हात मी नुसता मांडीवर पडलेला बघत होतो. तिने मान वळवून मला बघितलं आणि म्हणाली, आलास, हर्षद? हात धू आधी. हर्षद म्हणाली, मामा. पाडव्यापासून पहिल्यांदा नाव घेतलं माझं.

मी हात धुतले. दुसरं काय करणार होतो?

मागून अपूर्वा आली, पाय रक्ताळलेले, रडून चेहरा सुजलेला. आईने तिला आपादमस्तक बघितलं आणि मला विचारलं, ही कोण रे? अपूर्वा तिथूनच मागे वळली. तेव्हापासून तिने त्या घरात पाऊल ठेवलेलं नाही.

मी संघमित्राताईंची माफी मागितली. आधीच का कळवलं नाही असंही विचारलं, जरा रागानेच. त्या म्हणाल्या, इतक्या निवांत होत्या की भात होईस्तोवर राहू द्यावंसं वाटलं. मग म्हणाल्या, रोज आणा त्यांना, अकरा ते एक, मी शेजारी उभी राहीन, मलाही नवरा गेल्यापासून ब्रेड खाऊन कंटाळा आलाय.

तुम्हाला माहीत आहे, मामा, आई तीस वर्षांत त्यांच्या घरी पाणीसुद्धा प्यायली नव्हती. हळदीकुंकवाला सगळी सोसायटी यायची, मिस्टर होते तेव्हाही त्यांना तेवढं बोलावणं नसायचं. का, ते आपल्या घरात कुणी मोठ्याने म्हटलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. मी लाजत तो विषय काढला. त्या शांतपणे म्हणाल्या, त्यांना आता ते आठवत नाही. मला आठवतं. पण भात त्यांचा चांगला होतो.

सोमवारपासून शीतल आईला रोज घेऊन जाते. जूनमध्ये नक्की या. मी भिंत परत बांधून घ्यायचा विचार करतोय, अपूर्वाला अजून बोललो नाही.

लहानपणी जसं पाठीशी होतात तसेच राहा.
तुमचा,
हर्षद

*

खालचीवाडी,
२९ जून २०२५

चि. सौ. अपूर्वास,
धाकूमामाचे अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. तू दिलेले लाडू कणकवलीपर्यंतच संपले.

आठ दिवस तुझ्या घरी राहिलो आणि रोज आक्काच्या मागून बी विंगला गेलो. पहिल्या दिवशी ती म्हणाली, धाकल्या, पहिली पाळी सुटली? मी म्हटलं, सुटली. तिने मला पिठलं-भाकरी वाढली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली, बाकीचे दहा जण कधी येणार म्हणून. ती अगदी हळू बोलते आता, आवाज असतो की नसतो मला काय कळणार, पण ओठ मी सगळे वाचले. साठ वर्षांचं कुठलंही पान उघडते ती. कधी भावजी कामावरून यायचे असतात, कधी मीच शाळेतून. पण भाकरी करपत नाही.

तुला मी रोज तुमच्या खिडकीत उभी राहून समोर बघताना पाहिलं. बी विंगचं ते स्वयंपाकघर तिथून नीट दिसतंसुद्धा नाही.

निघताना रिक्षात तू मला सांगितलंस, की आईंसाठी, सगळ्यांसाठी म्हणून केलं ते खरं, पण ओट्याची उंची तू स्वतःसाठी वाढवलीस. पंधरा वर्षं वाकून कंबर गेली होती, आणि एकदा तरी स्वयंपाकघर माझं म्हणावंसं वाटत होतं. आणि म्हणून हे सगळं झालं. एवढं बोलून तू रस्त्याकडे तोंड फिरवलंस. पुढचं मला वाचता आलं नाही.

तेव्हा आता मी लिहितो ते तू वाच. पंधरा वर्षं वाकून काम केलेल्या बाईला सरळ उभं राहावंसं वाटलं, हा गुन्हा नाही. आक्कालाही एकदा तसंच वाटलं होतं, आणि तिने दाराला आतून कडी लावली होती. तिला तेव्हा कुणी दोष दिला नाही.

हर्षदला मी भिंत बांधू नको म्हणून सांगितलंय. बांधली तरी ती काही तुमची जुनी भिंत असणार नाही. आणि जान्हवी आता त्या टेबलावर अभ्यास करते, तिच्या तोंडावर ऊन येतं, ते मी पाहिलंय.

पण तू तिकडे जा. ओळखीसाठी जाऊ नको, ओळख मिळायची नाही. पाहुणी म्हणून जा. आक्काच्या दारातून कुणी पाहुणा उपाशी परत गेलेला मी पाहिलेला नाही.

रागावू नको. म्हाताऱ्यावर लोभ कमी करू नको.
धाकूमामा

*

मुलुंड पूर्व,
५ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप मामांना,
शि. सा. न. वि. वि.

आईंना जाऊन आज सव्वीस दिवस झाले. तुम्ही दिवसकार्य आटपून गावी गेलात आणि घर अचानक मोठं वाटायला लागलं. दिवाळी केली नाही. संघमित्राताईंनी जान्हवीसाठी चकल्या आणून दिल्या, त्या तेवढ्या खाल्ल्या.

तुम्ही इथे होतात तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, सांगायचं होतं ते राहून गेलं. शिवाय ते मला तोंडाने सांगता आलंही नसतं.

तुमच्या जूनच्या पत्राचा मला राग आला होता. पूर्ण जुलै मी गेले नाही. ऑगस्टमधल्या पहिल्या शनिवारी गेले. बी विंगचा जिना चढताना वाटलं, जणू मुलगी म्हणून मलाच दाखवायला नेतायत. संघमित्राताईंनी दार उघडलं आणि मला आत घेतलं. आई ओट्याशी होत्या. मला बघून म्हणाल्या, या, बसा. कुठल्या तुम्ही? मी म्हटलं, ए विंगची. म्हणाल्या, बरं झालं आलात, मी ताट करते.

मग मी दर शनिवारी जायला लागले. दर शनिवारी नवी पाहुणी. आणि मामा, त्या पाहुणीशी आई जितक्या बोलल्या, तितक्या सुनेशी पंधरा वर्षांत बोलल्या नव्हत्या. लालबागच्या खोलीतल्या गोष्टी सांगितल्या. वालाच्या उसळीला गूळ कधी घालायचा ते सांगितलं. घरी मी कितीदा विचारायचे, तर म्हणायच्या, तू हो बाहेर, मी करते. मी त्यांच्याशेजारी उभी राहून, त्या बुटक्या ओट्यावर वाकून, वाल सोलायचे. कंबर दुखायची. उठावंसं मात्र वाटायचं नाही.

कधी कधी त्या माझी चौकशी करायच्या. घरी कोण कोण? सासू आहे का? मी म्हणायचे, आहे. कशी आहे? चांगली आहे, म्हणायचे. त्यावर त्या हसून म्हणायच्या, बघा हां, तोंडदेखलं नको.

सत्तावीस सप्टेंबरचा शनिवार. त्यानंतर सोमवारी त्यांना ताप आला आणि पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. पण त्या शनिवारी त्या अगदी बऱ्या होत्या. उसळ झाली, भाकऱ्या झाल्या, मी जेवले. निघाले तर त्यांनी मला थांबवलं. एका डब्यात उसळ भरली, वर दोन भाकऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या, आणि डबा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, तुम्ही त्याच बाजूला जाताय ना, ए विंगला? दुसऱ्या मजल्यावर माझी सून असते. अपूर्वा नाव तिचं.

मी डबा दोन्ही हातांनी धरला, मामा. संघमित्राताईंनी माझा दंड धरला.

आई सांगत होत्या, नोकरी करते हो, दमून येते. सगळ्यांना वाढते आणि आपण उभ्या उभ्या खाते. किती वर्षं बघतेय मी. मला बोलायला जमत नाही, पहिल्यापासून तोंडात गोडवा नाही माझ्या. तिला हा डबा द्या. आणि सांगा, बसून जेव म्हणावं.

मी म्हटलं, सांगते.

त्यांनी दारापर्यंत येऊन मला निरोप दिला. मी बी विंगचा जिना उतरले, आपला जिना चढले. घरात कुणी नव्हतं. टेबलावर ऊन आलं होतं. मी ताट घेतलं, डबा उघडला, खुर्ची ओढून बसले आणि निरोप पोचवला.

तुमचे आशीर्वाद असू द्यावेत.
तुमची,
अपूर्वा